उतारवयांतील इतिहासाध्ययन



साठी उलटलेल्या माणसानें नातवंडांना गोष्टी सांगाव्या, सकाळीं फिरावयास जावें आणि समवयस्कांच्या बैठकींत प्रकृतीच्या तक्रारी कराव्या, अशी आपल्याकडे रीत आहे. अशा वयांत कोणी वह्यापुस्तकें पिशवींत घालून दर रविवारीं वर्गाला जाऊं लागला, तर घरच्यांना कौतुक वाटतें, शेजाऱ्यांना गंमत वाटते आणि स्वतःला थोडी लाज वाटते. हे तिन्ही अनुभव मी गेलीं तीन वर्षें घेत आहें. माझें वय सदुसष्ट. शिक्षण म्हणाल तर १९७४ सालची जुन्या अकरावीची मॅट्रिक व त्यानंतर प्राथमिक शिक्षकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. वाई तालुक्यांतील प्राथमिक शाळांतून एकोणचाळीस वर्षें शिकवून २०१६ मध्यें निवृत्त झालों आणि पुण्यास मुलाकडे राहावयास आलों. तेथें सतरा नंबरचा अर्ज भरून बारावीची परीक्षा बाहेरून दिली, आणि सध्यां मुक्त विद्यापीठाच्या बी. ए. च्या शेवटच्या वर्षांत इतिहास हा विषय घेऊन शिकत आहें.

हें सारें कशाकरितां, असें मला पुष्कळजण विचारतात. या पदवीनें मला बढती मिळावयाची नाहीं कीं पेन्शन वाढावयाचें नाहीं. प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर मात्र एका लहान मुलाच्या प्रश्नांत आहे. म्हणून प्रथम तो सांगतों.

आमच्या भागांत पूर्वीं शिवजयंती वैशाखांत साजरी होत असे. शिवरायांचा जन्म शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इ. स. १६२७ च्या एप्रिलांत झाला, असें मला माझ्या गुरुजींनीं शिकवलें होतें. आणि मीं तेंच माझ्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षें शिकवलें. पुढें २००१ सालीं महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. मीं फळ्यावरचा जुना आंकडा पुसून नवा लिहिला. तेव्हां चौथींतला एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "गुरुजी, आधींची तारीख तुम्हांला कशी कळली होती?"

मीं सांगितलें, "माझ्या गुरुजींनीं सांगितली होती."

"मग ही नवी कशी कळली?"

"शासनाचा आदेश आला आहे."

तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "म्हणजे उद्यां दुसरा आदेश आला तर पुन्हां बदलायची?"

वर्ग हंसला. मीही हंसलों, आणि त्याला "खालीं बैस" म्हणालों. तीं दोन वर्षें त्या मुलानें पुन्हां कधीं प्रश्न विचारला नाहीं. शिक्षकाच्या आयुष्यांत अशा कांहीं गोष्टी असतात कीं, ज्यांची नोंद कोणत्याही तपासणी अहवालांत होत नाहीं, परंतु ज्या रात्रीं झोंप लागतांना आठवतात. मुलानें विचारलें होतें 'कशावरून?' आणि मीं उत्तर दिलें होतें 'कोणाच्या सांगण्यावरून'. या दोहोंतलें अंतर मला त्या दिवशीं नुसतें जाणवलें; तें ओलांडावें कसें, हें मात्र ठाऊक नव्हतें.

आपण म्हणाल, यासाठीं पदवीची काय गरज? घरीं बसून इतिहासाचे ग्रंथ वाचावे. तेंही मीं केलें. परंतु घरीं बसून वाचणारा मनुष्य आपल्या मताशीं जुळतें तेवढेंच वाचतो, आणि जें खटकतें तें पान उलटून टाकतो. परीक्षेचा अभ्यासक्रम तशी सोय ठेवीत नाहीं. जो विषय नावडता, त्यावरही पेपर असतो. आणि आपलें उत्तर अशा परक्या माणसापुढें जातें, ज्याला आपली चाळीस वर्षांची सेवा, आपले पिकलेले केस किंवा आपला मोठा आवाज यांपैकीं कांहींच दिसत नाहीं. त्याला फक्त कागद दिसतो.

प्रौढ माणसाला ही संधि मिळते ती कांहीं फार जुनी गोष्ट नव्हे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मधली. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकच्या परीक्षेंत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे उत्तीर्ण झाले, आणि १८६२ सालीं बी. ए. झालेल्या पहिल्या चौघांत ते दोघेही होते. परंतु पदवीसाठीं महाविद्यालयांत बसणें भाग होतें. आणि पोट भरण्यासाठीं ज्याला नोकरी करावी लागते, त्याला तें दार बंदच. याच सुमारास, १८५८ मध्यें, लंडन विद्यापीठानें आपल्या नव्या सनदेनें एक नवीन वाट उघडली. विद्यार्थ्यानें विद्या कोठें व कशी संपादन केली हें न विचारतां परीक्षेस बसूं द्यावयाचें, असें त्यानें ठरविलें. वैद्यकाचा विषय तेवढा अपवाद होता. दिवसा काम करून रात्रीं कंदिलाच्या उजेडांत वाचणाऱ्या माणसाला पदवी शक्य झाली ती तेव्हांपासून.

या वाटेचा राजमार्ग झाला तो मात्र शंभर वर्षांनंतर. १९६९ मध्यें ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारींत त्याचे पहिले विद्यार्थी शिकूं लागले. प्रवेशासाठीं पूर्वीच्या कोणत्याही परीक्षेची अट नव्हती. नभोवाणीवरून बोलतांना सांगावयास आनंद वाटतो कीं, त्या विद्यापीठाचे पाठ बी. बी. सी. च्या नभोवाणीवरून व दूरचित्रवाणीवरून घरोघरीं पोंचत. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठानें १९६२ मध्येंच पत्रद्वारा शिक्षण सुरू केलें होतें. पुढें १९८२ मध्यें हैदराबादेस देशांतलें पहिलें मुक्त विद्यापीठ निघालें, १९८५ मध्यें इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, आणि १९८९ मध्यें नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. माझ्यासारख्या गांवच्या मास्तराला पदवीचें दार दिसलें तें या परंपरेमुळें.

आतां वर्गाविषयीं. आमच्या अभ्यासकेंद्रावर रविवारीं जे जमतात त्यांत एक बसवाहक आहे, एक गृहिणी आहे, एका दुकानांतले कारकून आहेत. सर्वांत वडील मी. शिकवणाऱ्यांना तेथें संमंत्रक म्हणतात. आमच्या संमंत्रक बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्या दिवशीं त्या वर्गांत आल्या तेव्हां मी संवयीनें पुढें होऊन खडू शोधूं लागलों! त्या हंसून म्हणाल्या, "सर, आज आपण बसायचं." त्या मला अजून 'सर' म्हणतात आणि मी त्यांना 'बाई' म्हणतों, दोघांनाही त्यांत अवघड वाटत नाहीं.

पहिल्या वर्षीं पानिपतावर एक स्वाध्याय लिहावयाचा होता. पानिपत म्हणजे माझा हातखंडा. १४ जानेवारी १७६१ चा तो दिवस मी वर्गांत असा उभा करीत असें कीं, पोरांच्या डोळ्यांना पाणी येई. त्याच थाटांत मीं आठ पानें लिहिलीं. स्वाध्याय परत आला तेव्हां समासांत तांबड्या शाईनें अकरा ठिकाणीं एकच शब्द लिहिलेला होता : 'आधार?' एका दिवसांत एक लाख मराठे कापले गेले, असें मीं लिहिलें होतें. त्या वाक्यापुढें बाईंनीं विचारलें होतें, "हा आंकडा कोणाचा? त्यानें तो केव्हां लिहिला? तो तेथें होता काय?"

खरें सांगतों, मला राग आला. एकोणचाळीस वर्षें जें शिकवलें त्याचा आधार मला विचारणारी ही कोण? परंतु दोन दिवसांनीं राग निवाला, आणि मी शोधूं लागलों. तेव्हां कळलें कीं, त्या युद्धाची जी हकीकत पुढें सर्वत्र आधाराला घेतली गेली, ती लिहिणारा काशीराज पंडित हा शुजाउद्दौल्याच्या पदरीं होता. तो रणांगणावर हजर होता, ही गोष्ट खरी. परंतु त्यानें आपली फार्सी हकीकत लिहिली ती १७८० मध्यें, म्हणजे एकोणीस वर्षांनंतर. डोळ्यांनीं पाहिलेलें खरें, पण आठवणींतून काढलेलें. उलट त्याच काळांत लिहिलेलीं पत्रें विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ मध्यें प्रसिद्ध केलीं. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेच्या पहिल्या खंडांत १७५० ते १७६१ या काळांतलीं तीं पत्रें आहेत. आणि तीं सांपडलीं कोठें, तर वाईस! ज्या वाईच्या बाजारांतून मी पोरांसाठीं खडू आणि पाट्या नेत असें, त्याच गांवांत पानिपताचे अस्सल कागद सांपडले होते, आणि मी पानिपत शिकवीत होतों तें ऐकीव गोष्टींवरून.

येथून मी त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळलों. शिवजन्माची तारीख कशावरून? पुण्यास राहण्याचा लाभ असा कीं, १९१० मध्यें स्थापन झालेलें भारत इतिहास संशोधक मंडळ येथें आहे. त्याच्या ग्रंथालयांत मी महिनाभर जात होतों. जें हातीं आलें तें थोडक्यांत सांगतों.

१६२७ हें साल आलें तें मुख्यतः बखरींतून. या बखरी घटनेनंतर पुष्कळ काळानें लिहिल्या गेल्या, आणि तिथीविषयीं त्यांच्यांत एकवाक्यताही नाहीं. ग्रँट डफ यानें १८२६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत १६२७ हेंच साल दिलें, आणि छापील इंग्रजी ग्रंथांत आल्यामुळें त्याला वजन प्राप्त झालें. पुढें टिळकांच्या हातीं एक जुनी शकावली आली. ती कारी येथील जेधे देशमुखांच्या घरची. कोणत्या शकांत, कोणत्या तिथीला काय घडलें, याच्या त्रोटक नोंदी तींत आहेत. १९१६ मध्यें ती प्रसिद्ध झाली. तींत शिवजन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, असा दिला आहे. शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन येतो, असें आम्ही मुलांना शिकवितों. परंतु फाल्गुन हा वर्षाअखेरचा महिना नव्या इसवी सनांत पडतो, म्हणून तेथें ७९ मिळवावे लागतात. तेव्हां १५५१ चा फाल्गुन म्हणजे १६३० चा फेब्रुवारी-मार्च.

आतां एक कागद म्हणजे एक साक्षीदार. तो चुकूं शकतो. त्याची उलटतपासणी कशी करावयाची? पहिली परीक्षा वाराची. १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या ज्यूलियन गणनेची. आजच्या ग्रेगोरियन गणनेनें ती १ मार्च १६३० होते. आजच्या पंचांगाचे वार दर ४०० वर्षांनीं जसेच्या तसे परत येतात. म्हणून १ मार्च १६३० चा वार हवा असल्यास १ मार्च २०३० चा पाहावा. माझ्या नातवानें तो आपल्या फोनवर क्षणांत काढला : शुक्रवार! मी खुर्चींतून उठलों आणि नातवाला पेढा दिला.

परंतु दुसऱ्या रविवारीं बाईंनीं माझा उत्साह आवरला. त्या म्हणाल्या, "वार जुळला, म्हणजे नोंद करणाऱ्याचं पंचांग बरोबर होतं एवढंच सिद्ध झालं. जन्म त्याच दिवशी झाला, हे त्यानं सिद्ध होत नाही." किती खरें आहे! तारीख खोटी असूनही वार बरोबर लिहितां येतो. म्हणून दुसरी परीक्षा, स्वतंत्र साक्षीदारांची. कवींद्र परमानंद हा शिवरायांच्याच काळांतला. त्याचें 'शिवभारत' हें संस्कृत काव्य तंजावरास सांपडलें व १९२७ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांतही शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया हीच तिथि आहे. राजस्थानांतल्या ज्योतिषांच्या संग्रहांत मिळालेली जन्मपत्रिकाही तीच तिथि देते. मावळांतला देशमुख, दरबारचा कवि आणि दूरच्या राजस्थानांतला ज्योतिषी, हे तिघे एकमेकांकडून उतरून घेण्याचा संभव फार थोडा. तिघांची साक्ष जुळते, तेव्हां न्यायाधीशानें निकाल द्यावा. तरीही १९६६ मध्यें शासनानें नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीचें एकमत झालें नव्हतें, हेंही लक्षांत ठेविलें पाहिजे. आदेश २००१ चा. पण आधार त्याच्या कितीतरी आधीं जमत आलेला होता. तो मला ठाऊक असता, तर त्या दिवशीं मुलाला 'खालीं बैस' म्हणावें लागलें नसतें.

आणि सर्वांत मनाला लागलें तें हें, कीं कारी हें गांव भोर तालुक्यांत रायरेश्वराच्या पायथ्याशीं आहे. माझी पहिली शाळा त्याच डोंगराच्या अलीकडे वाईच्या बाजूस. ज्या कागदानें महाराष्ट्राची तारीख बदलली, तो डोंगरापलीकडच्या वाड्यांत होता. आणि मला त्याचें नांवही ठाऊक नव्हतें.

येथें एक शंका कोणी घेईल. वासुदेवशास्त्री खरे यांच्यापाशीं विद्यापीठाची पदवी कोठें होती? ते मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृतचे शिक्षक होते, म्हणजे आमच्याच जातकुळीचे मास्तर. शाळा सांभाळून त्यांनीं पटवर्धनांचें दफ्तर चाळलें आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापावयास आरंभ केला. १९२४ मध्यें ते वारले तोंपर्यंत हें काम चालूं होतें. साताऱ्यास संग्रहालय उभारणारे दत्तात्रय बळवंत पारसनीस हेही पदवीधर नव्हते. स्वतः राजवाड्यांना बी. ए. व्हावयास १८९० साल उजाडलें. त्या वेळीं ते सत्तावीस वर्षांचे होते. तेव्हां पदवीवांचून इतिहास होत नाहीं असें मी मुळींच म्हणत नाहीं. परंतु त्या थोर पुरुषांना दफ्तर हाच परीक्षक होता. प्रत्येक रुमाल सोडतांना तो त्यांना विचारी, 'आधार?' ज्याच्या नशिबीं दफ्तर नाहीं, त्यानें निदान परीक्षकापुढें तरी उभें राहावें. नाहीं तर आपण आपलेच परीक्षक होतों, आणि आपले गुण आपणच भरमसाट देतों.

उतारवयांत शिकणाऱ्याच्या अडचणी काय सांगाव्या! तीन तास लिहितांना हात आंखडतो, सनावळ्या पाठ राहत नाहींत, चष्मा दोनदां पुसावा लागतो. परंतु खरी अडचण शरीराची नव्हे. तरुण विद्यार्थ्याला नवें शिकावयाचें असतें. म्हाताऱ्याला आधीं जुनें बाजूस ठेवावें लागतें, आणि तें जुनें त्याला आपल्या मुलाबाळांइतकें प्रिय असतें. याउलट एक लाभही आहे. कागद लिहिणारीं माणसें भितात, विसरतात, स्वतःची बाजू सजवितात, धन्याला आवडेल तें लिहितात, हें विशीच्या मुलाला पुस्तकांतून शिकावें लागतें. आम्हांला तें जन्मभर पाहून ठाऊक असतें.

ऐंशी ओलांडल्यावर जगाचा इतिहास लिहावयास बसलेला रांके हा जर्मन इतिहासकार आमच्या पाठ्यपुस्तकांत आहे. त्याची दृष्टि अधू झाली होती, म्हणून तो मजकूर तोंडानें सांगून लिहवून घेई. त्याच्या विद्वत्तेशीं माझा काडीचा संबंध नाहीं. पण त्याचें वय वाचून धीर येतो.

शेवटीं त्या मुलाविषयीं सांगून संपवितों. गेल्या उन्हाळ्यांत गांवीं गेलों असतां जुन्या पेटींतून माझ्या टाचणवह्या काढल्या. तो प्रश्न मला २००१ च्या पावसाळ्यांत विचारला गेला, असें मी जन्मभर सांगत आलों. बाहेर पाऊस पडत होता, हेंही मला आठवे. टाचणवही पाहतों तों तो पाठ मीं शिकविला होता २००२ च्या फेब्रुवारींत! पाऊस कोठून आला, देव जाणे. काशीराजानें एकोणीस वर्षांनीं लिहिलें म्हणून मीं नाक मुरडलें होतें. माझी स्वतःची गत त्याहून निराळी नव्हती.

दुसऱ्या दिवशीं वाईच्या एस. टी. स्टँडवर तोच मुलगा भेटला. मुलगा कसला, तिशी ओलांडलेला बाप्या. स्वतःचा टेंपो चालवितो. पायां पडला. मीं त्याला बांकावर बसविलें आणि जेधे शकावली, शिवभारत, पत्रिका, शुक्रवार, सारें सांगितलें. बावीस वर्षांचें ऋण फेडीत होतों. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाला, "गुरुजी, सांगितलंत ते फार छान. पण असा प्रश्न मी विचारल्याचं मला काही आठवत नाही. मीच विचारला होता, हे कशावरून?"

टाचणवहींत पाठाची तारीख होती. मुलाचें नांव नव्हतें. मी कांहीं वेळ त्याच्याकडे पाहत राहिलों आणि म्हणालों, "बाळ, त्याला मजजवळ आधार नाहीं."

तो हंसला. मीही हंसलों. या खेपेस मात्र त्याला गप्प बसविण्यासाठीं नव्हे. परीक्षेचा निकाल अजून लागावयाचा आहे. लागेल तसा लागो. चाळीस वर्षांपूर्वीं यावयास हवें होतें तें एक वाक्य मला आतां बोलतां येऊं लागलें आहे, आणि तें सांगण्यासाठींच आज आपला वेळ घेतला.